मेडन कॅसलच्या सांगाड्यांचं वर्गात काय करायचं?



इतिहासाच्या तासाला 'उत्खनन' हा शब्द आला की आपण तो साधारण एका वाक्यात उरकतो. जमीन पद्धतशीर खणून जुने अवशेष शोधणे म्हणजे उत्खनन. मुलं वहीत लिहून घेतात, स्वाध्यायात गाळलेल्या जागी भरतात, झालं. मग काय काय सापडलं याची यादी येते, आणि यादीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य सुरू होतं: 'यावरून असे दिसते की…'

माझं आजचं सगळं म्हणणं या चार शब्दांबद्दल आहे. त्यांच्या आधी जे असतं ते जमिनीतून निघालेलं असतं. त्यांच्या नंतर जे येतं ते कुणीतरी डोक्यातून काढलेलं असतं. दोन्ही लागतंच, त्याशिवाय इतिहास होत नाही. पण या दोन गोष्टींमधली फट आपण मुलांना दाखवतच नाही, आणि मग आयुष्यभर त्यांना दोन्ही एकच वाटतात. ही फट दाखवायला मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्लंडमधल्या एका टेकडीचं आहे. इतक्या लांबचं उदाहरण कशाला, असं वाटेल. पण या टेकडीचा आपल्या सहावीच्या हडप्पा संस्कृतीच्या पाठाशी आणि आपल्या पुण्याशीही संबंध आहे. तो पुढे येतोच.

टेकडी

दक्षिण इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात डॉर्चेस्टर नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच मेडन कॅसल ही टेकडी. नावात कॅसल असला तरी दगडी बुरूज वगैरे काही नाही. खडूच्या खडकाची टेकडी (खराखुरा खडू बरं का, आपल्या फळ्यावरचा आता बहुतेक जिप्समचा असतो), तिच्या कडेने एकामागे एक मातीचे उंच तट, आणि तटांच्या मध्ये खोल खंदक. आतली जागा सुमारे १९ हेक्टर, म्हणजे ४७ एकरांच्या आसपास. आज तिथे गवत आणि मेंढ्या.

या टेकडीवर माणसं एकदाच येऊन राहिली नाहीत. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी नवाश्मयुगातल्या लोकांनी तिथे तुटक तुटक खंदकांचं एक कडं खणलं. त्यानंतर कुणीतरी टेकडीच्या माथ्यावरून अर्ध्या किलोमीटरहून लांब असा मातीचा एक सरळ उंचवटा रचला. मग टेकडी बराच काळ तशीच पडून राहिली. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास लोहयुगातल्या लोकांनी जुन्याच जागेवर पहिला तट घातला. पुढे दीड-एकशे वर्षांनी तो किल्ला जवळजवळ तिप्पट मोठा केला, तट पुन्हा पुन्हा उंच केले, आत गोल घरं बांधली, धान्य साठवायला खोल पेवं खणली. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं. काही दशकांत खाली डॉर्चेस्टरच्या जागी रोमन नगर उभं राहिलं आणि टेकडी ओस पडली. चौथ्या शतकाच्या शेवटी-शेवटी त्याच ओसाड किल्ल्यात एक लहानसं देऊळ बांधलं गेलं. नंतर शेतं झाली, कुरणं झाली.

वर्गात सांगताना माझा भर इथे असतो: मधली रिकामी वर्षंही इतिहासातच धरायची. मुलांना वाटतं की 'प्राचीन किल्ला' म्हणजे एका राजाने एकदा बांधला. ज्यांनी पहिला तट घातला, त्यांच्या दृष्टीने ते जुनं कडं तीन हजार वर्षांपूर्वीचं होतं. म्हणजे त्यांनाही ते प्राचीनच! हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते ती अनुभवून बघा.

व्हीलर यांनी कसं खणलं

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनी इथे मोठं उत्खनन केलं. टेसाबाई स्वतः उत्तम उत्खनक होत्या, विद्यार्थ्यांना शिकवण्याचं बरंचसं काम त्याच बघायच्या. १९३६ साली, काम चालू असतानाच त्या वारल्या. त्यांचं नाव सहसा कुठे येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्हीलर दांपत्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जमिनीवर चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन खणत जायचं. दोन चौकोनांच्या मध्ये मातीची एक भिंत न खणता तशीच सोडायची. त्या उभ्या भिंतीवर थर दिसतात: ही राख, हा चुन्याचा थर, ही घराची जमीन, हा खड्डा. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक वस्तूला तिच्या थराचा क्रमांक, आणि भिंतीचं मोजून काढलेलं चित्र. वस्तू पेटीत गेली तरी ती कुठे होती हे कागदावर राहतं.

वर्गात हे दाखवायला काचेची एक बरणी पुरते. तळाशी वाळू, वर काळी माती, मग लाकडाचा भुसा, वर पुन्हा लाल माती. सगळ्यात जुना थर कुठला? मुलं लगेच सांगतात, तळाचा. आता काचेला लागून पेन्सिल वरून आत खुपसायची, भोकातून एक मणी खाली वाळूपर्यंत सोडायचा आणि वरून लाल मातीच भोकात भरायची. मणी कुठल्या काळातला? अर्धा वर्ग म्हणतो वाळूच्या. मग काचेतून दिसणारा लाल पट्टा बघून कुणीतरी ओरडतं, "बाई, खड्डा वरून खणलाय!" खड्ड्याचा तळ कुठे आहे ते बघायचं नाही, त्याचं तोंड कुठल्या थरातून उघडतं ते बघायचं. पुरातत्त्वातली ही कळीची गोष्ट पाच मिनिटांत समजते. पुरलेली माणसं तर नेहमी खड्ड्यातच असतात, त्यामुळे पुढच्या गोष्टीसाठी हे लागणार आहे.

आणि गोष्ट कशी तयार झाली

किल्ल्याच्या पूर्व दरवाजापाशी व्हीलर यांना दफनं सापडली. पुढे अभ्यासकांनी त्या ठिकाणची एकूण ५२ दफनं मोजली. काही सांगाड्यांच्या कवट्यांवर शस्त्राचे घाव होते. एकाच्या मणक्यात तर लोखंडी टोक रुतलेलं होतं. जवळच जळल्याच्या खुणा, राख. शिवाय किल्ल्यात गोफणगुंड्यांचे ढीग. दरवाजाजवळच्या एकाच साठ्यात २०,००० हून अधिक गोटे, समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले.

यावरून असे दिसते की, व्हीलर म्हणाले, रोमन सेनापती व्हेस्पेशियनच्या सैन्याने किल्ल्यावर हल्ला केला, यंत्रांनी बाणांचा मारा केला, दरवाजाबाहेरच्या झोपड्या पेटवल्या, आत घुसून कत्तल केली, आणि रात्री वाचलेल्या लोकांनी घाईघाईने आपली माणसं पुरली. हाच व्हेस्पेशियन पुढे रोमचा सम्राट झाला. त्याने दक्षिण ब्रिटनमध्ये वीसहून अधिक गढ्या घेतल्या असं सुएटोनियस या रोमन लेखकाने लिहिलेलं आहे. गढ्यांची नावं मात्र दिलेली नाहीत.

गोष्ट जबरदस्त होती. व्हीलर यांची लेखणीही तशीच. त्यांचा अहवाल १९४३ साली, महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध झाला. परक्या फौजेपुढे छातीचा कोट करून उभी राहिलेली टेकडी त्या वर्षांत इंग्रज वाचकाला किती जवळची वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. व्हीलर स्वतः दोन्ही महायुद्धांत लढलेले. सैनिकाला लढाई लवकर दिसते, असं माझं मत. ही गोष्ट मग पुस्तकांत गेली, शाळेत गेली आणि कितीतरी वर्षं तशीच सांगितली गेली.

आता त्याच पुराव्याकडे पुन्हा बघू. मुलांनाही मी हे असंच विचारते. घाईघाईने पुरलं म्हणता, मग मृतांसोबत मातीची भांडी आणि मांसाचे तुकडे नीट ठेवलेले कसे? जीव मुठीत धरून पळणारा माणूस मेलेल्याची शिदोरी बांधतो का? सगळे एकाच दिवशी मेले म्हणता, तर सगळ्यांच्या अंगावर घाव का नाहीत? १९८५-८६ मध्ये नायल शार्पल्स यांनी इथे पुन्हा उत्खनन केलं आणि जुन्या नोंदीही तपासल्या. ५२ पैकी १४ जणांच्याच हाडांवर हिंसक मृत्यूच्या खुणा होत्या. ती जळकी राखही झोपड्या पेटवल्याची नव्हती. दरवाजाजवळ लोखंडाचं काम चालायचं, त्याची ती राख होती. म्हणजे तिथे आधीपासून लोकांची रीतसर दफनभूमी होती, असा अर्थ जास्त पटण्यासारखा झाला.

मग २०२५ साली बोर्नमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच सांगाड्यांच्या रेडिओकार्बन तारखा प्रसिद्ध केल्या. (ही पद्धत व्हीलर यांच्या हाती नव्हती, ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली.) माणसं एका दिवशी मेलेली नव्हती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या शेवटापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत, काही पिढ्यांमध्ये ती मेली आणि पुरली गेली. हिंसा होतीच, घाव खरे आहेत. पण ती अधूनमधून उसळणारी होती, आणि तिच्यामागे स्थानिक लोकांचेच आपापसातले झगडे असावेत असं या संशोधकांना वाटतं.

हेच आपल्याकडेही झालं

१९४४ साली व्हीलर भारतात आले, भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून. तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग चालवला आणि चौकोनांची ती पद्धत भारतीय तरुण अभ्यासकांच्या हाती दिली. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. १९४६ मध्ये त्यांनी हडप्पाला उत्खनन केलं. तिथली तटबंदी बघून, आणि मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत आधीच्या उत्खननांत मिळालेले सांगाडे आठवून त्यांनी मांडलं की बाहेरून आलेल्या आर्यांच्या हल्ल्यात तिथे कत्तल झाली.

ओळखीची वाटते ना गोष्ट? तट, सांगाडे, हल्ला. दहा वर्षांपूर्वी डॉर्सेटमध्ये हीच मांडणी झालेली होती, फक्त रोमनांच्या जागी आर्य आले.

१९६४ साली जॉर्ज डेल्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने मोहेंजोदडोच्या नोंदी तपासून दाखवलं की हे सांगाडे एका वेळचे नाहीत, आणि शहरावर हल्ला होऊन ते उद्ध्वस्त झाल्याचा पुरावाही नाही. पुढे हाडांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांवर जीवघेणे घाव आढळले नाहीत. तरीसुद्धा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत, ही कत्तल 'कारणे' या शीर्षकाखाली पाठ केलेली आहे. खोडून निघालेली गोष्ट पुस्तकातून जायला इतकी वर्षं लागतात, कारण ती सोपी असते, चटकन लक्षात राहते आणि एका ओळीत बसते.

पुण्याचा संबंध असा. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया लंडनला डॉक्टरेट करत होते, तेव्हा मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांनी व्हीलर यांच्या हाताखाली काम केलं. परत आल्यावर १९३९ पासून ते डेक्कन कॉलेजात. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया त्यांनी घातला असं म्हणायला हरकत नाही. नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ पासून त्यांनी जे उत्खनन केलं, त्यात अश्मयुगापासून मराठा काळापर्यंत थरावर थर मिळाले. आपल्या गावांत जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढर' म्हणतात, शेताला 'काळी'. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, भिंती पडल्या, चुलींची राख साचली, म्हणून ती माती पांढरट. तुमच्या शाळेजवळ अशी पांढर असेल तर मुलांना नुसती बघायला न्या. खणू मात्र देऊ नका, एक खापरही उचलू देऊ नका. जागेवरून हललेलं खापर म्हणजे पान फाटलेलं पुस्तक.

मग शिकवायचं कसं?

इथे काही शिक्षक मित्रांचा आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना 'हे असं असेल, तसंही असेल' सांगितलं की त्यांचा गोंधळ होतो. शिवाय आजकाल मोबाईलवर जे फिरतं ते बघता, 'इतिहास म्हणजे ज्याचं त्याचं मत' हीच समजूत पक्की व्हायची.

मला उलट वाटतं. ती समजूत पक्की होते ती आपण फट न दाखवल्यामुळे. पाठ केलेली एक गोष्ट खोटी निघाली की मूल म्हणतं, मग सगळंच खोटं. मेडन कॅसलच्या बाबतीत काय बदललं आणि काय बदललं नाही, हे शेजारी-शेजारी मांडून बघा. थरांचा क्रम बदलला नाही. सांगाडे कुठे होते, कोणासोबत कुठलं भांडं होतं, कोणाच्या हाडावर घाव होता, हे बदललं नाही. बदललं ते 'यावरून असे दिसते की' नंतरचं. आणि ते कुणाच्या लहरीने बदललं नाही. हाडं जपून ठेवलेली होती, त्यांच्या नोंदी होत्या, म्हणून जवळजवळ नव्वद वर्षांनी दुसऱ्या कुणाला तपासता आलं. व्हीलर यांचा निष्कर्ष चुकला, पण तो चुकला हे कळलं त्यांच्याच नोंदींमुळे. एखाद्या अभ्यासकाबद्दल याहून मोठं काही बोलता येईल असं मला वाटत नाही. म्हणून मुलांसमोर त्यांची टर उडवू नका.

एका पालकसभेत एका आईने मला सरळ विचारलं, "मॅडम, ते सगळं ठीक आहे हो, पण पेपरात लिहायचं काय? 'नक्की माहीत नाही' लिहिलं तर मार्क कोण देणार?" प्रश्न अगदी रास्त होता. आणि अडचण मुलांची नाहीच, आपल्या प्रश्नपत्रिकेची आहे. 'मेडन कॅसलवर कोणी हल्ला केला?' किंवा 'हडप्पा संस्कृतीचा ऱ्हास कोणामुळे झाला?' असं विचारलं की एक नाव लिहावंच लागतं. त्याऐवजी चार ओळींत पुरावा द्या: इतके सांगाडे, इतक्यांवर घाव, सोबत भांडी, जवळ राख. मग दोन गुण 'यातून खात्रीने काय म्हणता येईल' यासाठी आणि दोन गुण 'कशाची खात्री देता येणार नाही, का' यासाठी. तपासायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं. घटक चाचणीत एक प्रश्न असा ठेवायला वरची परवानगी लागत नाही.

वहीतही साधी सवय लावता येते. पान दुमडून मधोमध घडी घालायची. डावीकडे 'सापडलं', उजवीकडे 'वाटतं'. हडप्पाच्या पाठात मुद्रा, मोठं स्नानगृह, सांडपाण्याच्या नाल्या डावीकडे. स्नानगृह धार्मिक विधींसाठी होतं, हे उजवीकडे. सुरुवातीला मुलं सगळं डावीकडे कोंबतात. तिसऱ्या-चौथ्या पाठापासून वाद घालायला लागतात की हे वाक्य कुठल्या बाजूचं. तो वाद चालू द्या, तास थोडा लांबला तरी चालेल. घरी पालकांनाही हे वर्तमानपत्राच्या एखाद्या बातमीवर करून बघता येईल.

शेवटी ते मणक्यात रुतलेलं लोखंडी टोक. रोमन यंत्रातून सुटलेला बाण म्हणून ते वर्षानुवर्षं प्रसिद्ध होतं, आणि काही अभ्यासकांच्या मते तो साधा भाला असू शकतो. त्याची छायाचित्रं सहज मिळतात. एक छापून वर्गात लावा, खाली काहीही लिहू नका, आणि आठवडाभर मुलांना विचारू द्या: हे टोक कुठल्या थरातल्या खड्ड्यात मिळालं, त्या माणसाच्या इतर हाडांवर काय खुणा होत्या, असंच टोक आणखी कुठे सापडलं का. मुलांचे प्रश्न खाली टिप्पणीत जरूर लिहा, मला माझ्या वर्गात वापरायचे आहेत.